पहाटे चारची खेप: रस्टमधल्या डिपेन्डन्सी इंजेक्शनचं एक प्रकरण

जानेवारी २०२५. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून पहाटे साडेचारला फोन आला. त्या काट्याचा प्रोग्रॅम आम्ही रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला. तिथले काटा कारकून कन्नड घरातले, पण आमच्याशी बेळगावी मराठीतच बोलतात. “साहेब, गाडी रिकामी करून परत आलीया. तुमचं यंत्र मात्र भरलेली गाडी आलीच न्हाई म्हणून सांगालंय की ओ.”

हंगाम ऐन भरात होता आणि गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली होती. अशा वेळी काटा थांबवता येत नाही. कारकुनांनी ‘मागचं रिकामं वजन घ्या’ हे बटण दाबलं, पावती काढून दिली आणि गाडी सोडली. त्या रात्री अशा सात खेपा झाल्या.

हे बटण दाबल्याने काय बिघडतं ते आधी सांगतो. ऊस भरून आलेली गाडी काट्यावर चढते, तिचं भरलेलं वजन होतं. ती गव्हाणीपाशी ऊस उतरवते, परत काट्यावर येते, रिकामं वजन होतं. दोहोंची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. त्या सातांपैकी एका ट्रॅक्टरचं भरलेलं वजन २१,६४० किलो होतं. आमच्या नोंदीत त्याचं जुनं रिकामं वजन ६,६५० होतं, पण मधल्या काळात त्याने एक ट्रॉली बदलून हलकी लावली होती. खरं रिकामं वजन ६,२७०. म्हणजे पावतीवर ३८० किलो ऊस कमी लागला. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती. त्या हिशेबाने एका खेपेत १,२९२ रुपये गेले. आमच्या सीमाभागात ‘काटा मारला’ हे वाक्य शेतकरी ज्या रागाने उच्चारतो तो ज्याने ऐकलाय, त्याला या आकड्याचं वजन वेगळं सांगावं लागत नाही. कुणी मुद्दाम मारला की प्रोग्रॅम चुकला, हे त्याला पावती बघून कळत नाही.

दोष शेवटी दोन ओळींचा निघाला. तो सापडायला आम्हाला १९ दिवस लागले. हे टिपण त्या १९ दिवसांबद्दल आहे.

दोन ओळींचा दोष

या कारखान्याचा दिवस रात्री बाराला बदलत नाही, पहाटे चारला पाळी बदलते तेव्हा बदलतो. आमचं फंक्शन भरलेलं वजन घेताना घड्याळ बघायचं, त्यावरून कारखान्याची तारीख काढायचं आणि खेप नोंदवायचं. रिकामं वजन घेताना ते पुन्हा घड्याळ बघायचं, पुन्हा तारीख काढायचं आणि त्याच तारखेच्या उघड्या खेपांत गाडीचा नंबर शोधायचं. भरलेली गाडी ३ वाजून ५० मिनिटांनी आत गेली आणि ४ वाजून २० मिनिटांनी बाहेर आली, की तिची खेप ‘काल’मध्ये राहिलेली आणि शोध ‘आज’मध्ये चाललेला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गाड्या दहा-पंधरा मिनिटांत मोकळ्या व्हायच्या, म्हणून हे क्वचितच घडलं आणि घडलं तेव्हा कुणी कळवलं नाही. जानेवारीत गव्हाणीपुढे गाड्या तासतास थांबायला लागल्या.

सकाळी दहाला आम्ही बेळगावहून लॉग इन करून बघायचो तेव्हा सगळं सुरळीत. त्याच गाडीचा नंबर टाकून बघितला, खेप मिळाली. मग आम्ही नंबर प्लेटच्या मागे लागलो. या काट्यावर केए २३ च्या गाड्या येतात तशा पलीकडच्या एमएच ०९ च्याही येतात, आणि कारकून कधी मध्ये जागा सोडून नंबर टाकतात, कधी न सोडता. दोष तिथेच असणार अशी आमची खात्रीच झाली होती. एक आठवडा त्यात गेला. दोनदा बेळगावच्या टिळकवाडीहून चिकोडीपर्यंत गाडी काढून गेलो, काट्यावर उभे राहिलो, आणि दोन्ही वेळा दुपारी गेलो.

पहाटे चारची वेळ आमच्या टेबलावर आणायला आमच्याकडे मार्गच नव्हता. हे फंक्शन स्वतःच यंत्रणेचं घड्याळ विचारायचं, काट्याचं वजन ज्यातून येतं तो सीरियल पोर्ट स्वतःच उघडायचं, डेटाबेसची जोडणी एका जागतिक स्टॅटिकमधून (सगळ्या प्रोग्रॅमला सामाईक, शेवटपर्यंत राहणाऱ्या वस्तूतून) उचलायचं, प्रिंटरही तसाच. काटा नसेल तर ते चालायचंच नाही.

शिधा कोण काढतो

लग्नघरी आचारी येतो तेव्हा घरची मोठी बाई कोठीतून शिधा काढून देते. तांदूळ इतका, तूर डाळ इतकी, तेल इतकं. आचारी कोठीत शिरत नाही. म्हणूनच तो आज आपल्या घरी आणि उद्या शेजारच्या घरी तसाच स्वयंपाक करू शकतो. डिपेन्डन्सी इंजेक्शन एवढंच आहे. फंक्शनला किंवा स्ट्रक्टला (माहिती एकत्र बांधणाऱ्या रचनेला) जे लागतं ते त्याने स्वतः शोधून उचलायचं नाही, बाहेरून हातात द्यायचं. मार्टिन फाउलर यांनी हे नाव २००४ च्या जानेवारीत रूढ केलं, पद्धत त्याआधीपासूनची.

आमचं फंक्शन कोठीत शिरणारं होतं. कारण सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. २०२४ च्या जुलैत रस्ट १.८० आलं आणि त्यात लेझीलॉक प्रमाण लायब्ररीत आलं. जागतिक वस्तू पहिल्या वापराच्या वेळी तयार करणारी ही सोय हाताला लागल्यावर आम्ही पोर्ट, डेटाबेस, प्रिंटर सगळं तिच्यात टाकलं. कोड छोटा दिसायचा. नोव्हेंबरच्या मोळीपर्यंत, म्हणजे गाळप सुरू होईपर्यंत, काम संपवायचं होतं.

टेस्ट लिहायला बसलो तेव्हा त्याची किंमत कळली. कार्गो टेस्ट (टेस्ट चालवणारं रस्टचं साधन) एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेडांवर, म्हणजे समांतर धाग्यांवर, टेस्ट एकाच वेळी चालवतो, आणि स्टॅटिक सगळ्यांना सामाईक. एका टेस्टने खोटी वेळ लावली की दुसरी टेस्ट त्या वेळेत चालायची. एखादी टेस्ट म्यूटेक्सचं (एका वेळी एकालाच वस्तू वापरू देणारं) कुलूप हातात असताना पॅनिक झाली, म्हणजे कोसळली, की म्यूटेक्स ‘पॉयझन’ होतो आणि पुढच्या सगळ्या टेस्ट त्याच कुलपापाशी आपटतात. आम्ही एकाच थ्रेडवर टेस्ट चालवायचा पर्याय लावून काही दिवस काढले. ते दुखणं दाबून ठेवणं होतं.

जावाच्या सवयीने केलेला पहिला प्रयत्न

आमच्यातल्या एकाची आधीची सगळी वर्षं जावा या भाषेत गेलेली. त्याने चार दिवसांत एक कंटेनर लिहिला. टाइपची ओळख ही किल्ली, आणि किल्लीला लागून ‘एनी’च्या (कुठलाही टाइप मावेल अशा) पेटीत बांधलेली वस्तू. ज्याला जे हवं त्याने कंटेनरकडे मागायचं.

चालायचं ते. पण एकदा प्रिंटर नोंदवायचा राहिला आणि प्रोग्रॅम व्यवस्थित कंपाइल होऊन, सुरू होऊन, पहिल्या पावतीला कोसळला. आमच्याच टेबलावर कोसळला, हे नशीब. जावात रिफ्लेक्शन आहे, चालू प्रोग्रॅमला स्वतःच्या क्लासची रचना वाचता येते, कन्स्ट्रक्टरला काय लागतं ते कंटेनर बघू शकतो. रस्टमध्ये चालू वेळी असं वाचण्याची सोय नाही. आपण ती सोय हाताने उभी करतो तेव्हा कंपायलरचं (कोड तपासून त्याचा चालणारा प्रोग्रॅम करणाऱ्याचं) सगळ्यात मोलाचं काम त्याच्याकडून काढून घेतो. एखादी गोष्ट द्यायची राहिली हे त्याने कंपाइल करतानाच सांगायला हवं. आणि जो तो कंटेनरकडे हात पसरायला लागला की कोठीचं दार पुन्हा उघडंच राहिलं, फक्त त्यावर पाटी आली. सहकाऱ्याचे कष्ट मोठे होते, तरी आम्ही तो कंटेनर काढून टाकला. हे पटवून घेताना त्याने जो मोकळेपणा दाखवला तो मला फार आवडला.

दुसरा प्रयत्न उलट टोकाचा. वजन देणारा, साठवणारा, छापणारा असे तीन ट्रेट (वस्तूला काय करता आलं पाहिजे याचे करार) केले आणि सगळ्या स्ट्रक्टांना जेनेरिक केलं, म्हणजे नेमका टाइप वापरताना ठरेल असं. याला वेग चांगला, कारण कंपायलर प्रत्येक खऱ्या टाइपसाठी वेगळा कोड तयार करतो. पण ते तीन टाइप पॅरामीटर साथीसारखे पसरले. काट्याचा स्क्रीन दाखवणाऱ्या फंक्शनला प्रिंटरशी घेणंदेणं नाही, तरी त्याच्या सिग्नेचरमध्ये (फंक्शन काय घेतं-देतं ते सांगणाऱ्या ओळीत) प्रिंटरचा टाइप आला. चूक झाली की कंपायलरचा संदेश दीड पानाचा.

वेगाची आम्हाला गरज किती होती? काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारं यंत्र) ९६०० बॉडने, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांनी, बोलतो. एका बाइटला सुरुवात-शेवटाचे बिट धरून दहा बिट, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. त्याची एक ओळ १८ बाइटांची. कितीही भरभर बोलला तरी सेकंदाला ५३ ओळी. डिन ट्रेटमधून (ज्यात खरा टाइप प्रोग्रॅम चालताना ठरतो) केलेल्या हाकेला व्हीटेबलची (कुठलं फंक्शन कुठे आहे त्या तक्त्याची) एक फेरी जास्त पडते, तिचा खर्च नॅनोसेकंदांत. इथे जेनेरिकचा वेग मागणं व्यर्थ होतं. म्हणून कडेच्या सगळ्या गोष्टी, जिथे प्रोग्रॅम बाहेरच्या जगाला शिवतो त्या, बॉक्सातल्या डिन ट्रेट केल्या.

त्यात दोन ठिकाणी कंपायलरने अडवलं आणि दोन्ही वेळा तो बरोबर होता. साठवणाऱ्या ट्रेटमध्ये ‘काहीही साठव’ अशी एक जेनेरिक मेथड होती. अशी मेथड असलेल्या ट्रेटचा डिन होत नाही, कारण व्हीटेबलमध्ये तिच्या अगणित रूपांना जागा कुठून आणणार? तिच्या जागी ‘खेप उघड’ आणि ‘खेप बंद कर’ अशा दोन नेमक्या मेथड आल्या, आणि ट्रेट वाचून काम कळायला लागलं. दुसरी अडचण असिंकची, म्हणजे वाट बघताना दुसरं काम चालू देणाऱ्या फंक्शनांची. ट्रेटमध्ये असिंक फंक्शन लिहिण्याची सोय रस्ट १.७५ मध्ये, २०२३ च्या डिसेंबरअखेर आली, पण तसा ट्रेट सरळ डिन करता येत नाही. त्यावर उपाय आहेत. आम्ही असिंकच काढलं. एक काटा, एक प्रिंटर, एक कारकून. दोन थ्रेड पुरतात.

पोर्ट कुणाचा?

आता या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग.

इंडिकेटरचं वजन दोघांना लागतं. स्क्रीनवरचा मोठा आकडा सतत हलता ठेवायला एकाला, आणि खेप नोंदवताना दुसऱ्याला. जावात पोर्टची एकच वस्तू दोघांच्याही हातात दिली असती आणि कुणी काही विचारलं नसतं. रस्टने विचारलं: ही वस्तू कुणाच्या मालकीची?

आचाऱ्याला दिलेला तांदूळ परत येत नाही. दिलेलं पातेलं परत येतं, आणि ते कधी परत येणार हे आधी ठरलेलं असतं. रस्टमध्ये मालकी देणं आणि उसनं देणं यांत हाच फरक आहे, आणि इंजेक्शन करताना प्रत्येक गोष्टीसाठी तो ठरवावाच लागतो. आम्ही आधी उसनं दिलं. स्ट्रक्टात संदर्भ ठेवले, त्यांचे लाइफटाइम (उसनं कुठवर चालेल ते) लिहिले, आणि जेनेरिकची साथ जाऊन लाइफटाइमची साथ आली. शिवाय स्क्रीन दुसऱ्या थ्रेडवर, तिथे मेनमधून (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमधून) उसनी दिलेली गोष्ट चालेना.

मग आर्कमध्ये (एका वस्तूची मालकी अनेकांत वाटणाऱ्या वेष्टनात) म्यूटेक्स, म्यूटेक्समध्ये पोर्ट, आणि एकेक प्रत दोघांना. नेटवर बहुतेक उदाहरणं इथेच थांबतात. कंपाइल झालं आणि काट्यावर स्क्रीन अडखळायला लागला. कारण नोंदवणारा स्थिर वजनाची वाट बघत कुलूप धरून बसायचा. गाडी काट्यावर चढल्यावर डुलते, आकडा ठरायला काही सेकंद जातात. नेमक्या त्या सेकंदांत ड्रायव्हर, कारकून आणि शेतकरी तिघांचेही डोळे त्या आकड्यावर असतात, आणि आकडा गोठलेला. विश्वास उडायला तेवढं पुरतं.

मी पुन्हा त्या प्रश्नाकडे आलो. पोर्ट कुणाचा? दोघांचाही नाही. पोर्ट एका वाचणाऱ्या थ्रेडचा, पूर्ण मालकीने. तो ओळ वाचतो, तिचं ‘वाचन’ नावाचं छोटं स्ट्रक्ट करतो: किलो, स्थिर की अस्थिर, आणि वाचल्याची वेळ. ते चॅनेलमधून दोघांकडे पाठवतो. स्क्रीनला आणि नोंदवणाऱ्याला पोर्ट नावाचं काही असतं हे माहीतच नाही. त्यांना पोर्ट नकोच होता, वजन हवं होतं. हे आमच्या आधी लक्षात आलं असतं तर म्यूटेक्सच्या त्या आडवळणाला गेलोच नसतो. मालकीचा प्रश्न मला आधी रस्टची कटकट वाटायचा. तो खरं तर रचनेचा प्रश्न होता, जो जावात मी विचारायचंच टाळत आलो होतो.

वाचणाऱ्या थ्रेडला बॉक्स देताना त्याच्या टाइपवर ‘सेंड’ लिहावं लागलं, कारण डिन ट्रेट थ्रेड ओलांडू शकतो असं कंपायलर आपणहून धरत नाही. एक शब्द, पण तो लिहिला की वाचणाऱ्याला कळतं की ही गोष्ट दुसरीकडे जाणार आहे.

सगळी जुळणी मेनमध्ये हाताने. साधारण चाळीस ओळी. पोर्ट उघडा, डेटाबेस उघडा, प्रिंटर उघडा, ज्याचं त्याला द्या. एखादी गोष्ट द्यायची राहिली तर कंपाइलच होत नाही. नवा मुलगा आला की मी त्याला आधी ह्या चाळीस ओळी वाचायला देतो.

या बदलात आणखी एक जुनी तक्रार आपोआप मिटली. पाळी संपताना प्रोग्रॅम बंद केला की कधीकधी शेवटची पावती अर्धीच छापली जायची. रस्टमध्ये स्टॅटिकवर प्रोग्रॅम संपताना ड्रॉप (वस्तू संपताना होणारी आवराआवर) चालत नाही. आमचा प्रिंटर बफरसकट (छापायचा मजकूर तात्पुरता साठतो त्या जागेसकट) स्टॅटिकमध्ये होता, त्यामुळे बफरमधला उरलेला भाग कागदावर कधी उतरलाच नाही. प्रिंटर मेनच्या मालकीचा झाल्यावर मेन संपताना ड्रॉप होतो आणि बफर रिकामा होतो. तरी प्रत्येक पावतीनंतर आम्ही आता स्वतःहूनही बफर रिकामा करतो, कारण वीज गेली तर ड्रॉपही चालणार नाही.

जे बाहेरून द्यायची गरज नव्हती

घड्याळासाठीही आम्ही ट्रेट केला होता. आठवडाभराने काढून टाकला. वर सांगितलेल्या दोषाचं मूळच हे की फंक्शन घड्याळ दोनदा बघत होतं. खोटं घड्याळ दिलं असतं तरी ते दोनदाच बघितलं असतं. आता वेळ ही साधी किंमत म्हणून फंक्शनला दिली जाते. वाचनासोबतच ती येते. तारीख भरलेल्या वजनाच्या वेळी एकदाच ठरते आणि खेपेला चिकटते. रिकाम्या वजनाच्या वेळी उघडी खेप फक्त गाडीच्या नंबरावरून शोधली जाते. निव्वळ वजन काढणारं फंक्शन तर आता काहीच मागत नाही: दोन आकडे घेतं, एक देतं.

पावतीच्या भाषेचंही तसंच. कारखान्याला कन्नड हवी, बऱ्याच शेतकऱ्यांना मराठी वाचता येते, कन्नड नाही. ‘पावतीलेखक’ असा ट्रेट करून कन्नड आणि मराठी अशी दोन रूपं लिहिली होती. पण भाषा दोनच आहेत, दोन्ही आपल्याच कोडमध्ये, तिसरं कुणी बाहेरून आणून बसवणार नाही. अशा बंद यादीला इनम (ठरलेल्या पर्यायांचा टाइप) पुरतो, आणि एखादी ओळ एका भाषेत लिहायची राहिली तर मॅच (प्रत्येक पर्यायाचं काय करायचं ते सांगणारा भाग) अपुरा आहे म्हणून कंपायलर ओरडतो. आता पावती दोन्ही भाषांत एकाखाली एक निघते. प्रिंटरला यातली कुठलीच लिपी नीट जोडता येत नाही, म्हणून मजकूर ५७६ ठिपके रुंदीचं चित्र करून पाठवावा लागतो. आकडे कारखान्याने इंग्रजी मागितले, ते दोन्हीकडच्यांना वाचता येतात.

सात खेपांचं काय झालं

पोर्टवरून आलेली प्रत्येक कच्ची ओळ वेळेसकट एका फाइलमध्ये लिहून ठेवायची सोय आम्ही बसवणीच्या वेळी चालू केली होती आणि बंद करायची विसरलो होतो. तीस दिवसांच्या फाइली शिल्लक राहायच्या. त्या रात्रीची फाइल अजून होती.

वजन देणाऱ्या ट्रेटचं दुसरं रूप लिहायला दुपार पुरली: पोर्टऐवजी फाइलमधून ओळी वाचणारं. मेनसारखीच एक छोटी जुळणी केली, खरा काटा काढून फाइल दिली, प्रिंटरच्या जागी पावत्या यादीत ठेवणारं रूप दिलं. जुना दोष ठेवून चालवलं, तर आमच्या टेबलावर पहिल्यांदा ‘खेप सापडली नाही’ आलं, ४ वाजून २० मिनिटांच्या ओळीवर. ती ओळ मी कितीतरी वेळ बघत बसलो: एसटी, जीएस, अधिक ०००६२७० केजी. एसटी म्हणजे स्थिर. गाडी रिकामी होऊन काट्यावर खरंच उभी होती, काट्याने तिचं वजन खरंच केलं होतं, आमच्या प्रोग्रॅमने ते टाकून दिलं होतं.

दुरुस्ती करून पुन्हा चालवलं आणि सातही खेपांची खरी रिकामी वजनं मिळाली. चार शेतकऱ्यांचा ऊस कमी लागला होता, तिघांचा जास्त. जुन्या-नव्या आकड्यांचा कागद घेऊन आम्ही कारखान्याच्या शेती विभागात गेलो आणि चूक आमची आहे हे लेखी दिलं. चौघांचा फरक पुढच्या बिलात जमा झाला. तिघांकडून काही वसूल करू नये अशी विनंती आम्ही केली आणि ती रक्कम आमच्या बिलातून वळती करून घेतली.

पुढच्या हंगामाआधी कारखान्याने इंडिकेटर बदलला. नव्याची ओळ वेगळ्या आकाराची, स्थिर वजनाची खूण वेगळी. वाचणाऱ्याचं नवं रूप लिहिलं, मेनमधली एक ओळ बदलली. त्या जानेवारीच्या रात्रीची फाइल टेस्टमध्ये तशीच आहे. मोळी टाकायच्या आदल्या दिवशी काटा कारकुनांना ती चालवून दाखवली, तेव्हा त्यांनी त्या ट्रॅक्टरचा नंबर लगेच ओळखला.